पीएचडीचा खर्च कोण उचलतं?

अमेरिकेत 'टी३२' हे प्रशिक्षण अनुदान थेट विद्यापीठाला मिळतं आणि कोणत्या विद्यार्थ्यांना घ्यायचं ते विद्यापीठ ठरवतं. बंगळुरूत मेंदूवर पीएचडी करणाऱ्यांचा पैसा मात्र अनेकदा त्यांच्याच नावाने येतो. 'नेट' या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली की दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२,००० आणि घरभाडं वेगळं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. मुदत एकूण पाच वर्षं. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपची सुरुवात ७०,००० पासून होते, शिवाय संशोधनासाठी वर्षाला दोन लाख.

पण मेंदूचा अभ्यास मुदत पाहून चालत नाही. उंदराला खूण ओळखून कळ दाबायला शिकवण्यातच कित्येक आठवडे जातात. मेंदूतल्या हालचालींची खरी नोंद त्यानंतर सुरू होते. म्हणून संस्थेच्या हाती दीर्घ मुदतीचा पैसा हवाच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चेताविज्ञान केंद्र २००९ मध्ये उभं राहिलं. त्याच आवारातल्या मेंदू संशोधन केंद्रासाठी क्रिस आणि सुधा गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने २०१४ मध्ये २२५ कोटी रुपये देऊ केले. त्या केंद्राचा भर मुख्यतः वार्धक्यातल्या मेंदूवर आहे.

बंगळुरूतल्याच 'निम्हान्स' या मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्थेची मेंदूपेढी १९९५ पासूनची. दान आलेल्या मेंदूचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, काही अतिथंड फ्रीझरमध्ये गोठवतात. असा फ्रीझर रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो आणि त्याचं वीजबिल कुठल्याही विद्यार्थ्याच्या फेलोशिपमधून भागत नाही.