बुटकी मोटार, ट्रेलर आणि एक फूटपट्टी

विद्यार्थी मित्रांनो, दप्तरातली ३० सेंटिमीटरची फूटपट्टी काढून समोर ठेवा. या लेखात तिचे काम आहे, आणि ते थोडे उशिरा येणार आहे.

२०१९ च्या जूनमध्ये मी जर्मनीत स्टुटगार्ट येथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे उतरलो होतो. संगणकाच्या नोकरीत स्थिरावल्यावर त्याने हौसेने एक जुनी पोर्श ९११ घेतली होती, १९८६ साली तयार झालेली. ती न्यूरबुर्गरिंगला न्यायची होती. आयफेलच्या डोंगरांत १९२७ साली सुरू झालेला हा शर्यतीचा रस्ता. त्याचा सुमारे २०.८ किलोमीटरचा उत्तर फेरा ठरावीक दिवशी पैसे भरून कोणालाही आपल्या गाडीने मारता येतो. "सर, तिथे गाडी मोडली तर परत कशी आणायची? म्हणून ट्रेलर," तो म्हणाला. भाड्याचा दोन आसांचा ट्रेलर त्याने आपल्या स्टेशन वॅगनला जोडून आणला होता.

पहिली अडचण दारातच आली. मोटार ट्रेलरवर चढेना.

शर्यतीच्या धाटणीची मोटार मुद्दाम बुटकी केलेली असते. गुरुत्वमध्य जमिनीजवळ असला म्हणजे वळणावर गाडी कमी कलते. पण त्यामुळे पोट आणि जमीन यांत फार थोडी जागा उरते. आपल्या हिशेबासाठी ती १२ सेंटिमीटर धरू. मोटारीचे नाक पुढच्या चाकाच्या ९० सेंटिमीटर पुढे आले आहे असे धरू. ट्रेलरचा पाट जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच, आणि त्याला टेकवायच्या फळ्या २ मीटर लांब. फळीचा जमिनीशी होणारा कोन काढा: ५० भागिले २०० म्हणजे ०.२५. ही त्या कोनाची ज्या, म्हणून कोन सुमारे १४.५ अंश.

आता चाक फळीच्या पायथ्याशी आले आहे असे चित्र काढा. नाक त्याच्या ९० सेंटिमीटर पुढे. त्या जागी फळी किती उंच आहे? ९० गुणिले १४.५ अंशांची स्पर्शज्या, म्हणजे २३ सेंटिमीटर. नाकाखाली जागा १२. चाक फळीला लागण्याच्या आधीच नाक फळीत घुसणार. आमचे तसेच झाले, आणि समोरच्या काळ्या पट्टीवर एक पांढरा ओरखडा उठला.

नाक वाचवायचे तर ९० सेंटिमीटर अंतरावर फळीची उंची १२ पेक्षा कमी हवी. म्हणजे कोन ७.६ अंशांच्या आत, आणि फळी जवळजवळ ३.८ मीटर लांब. पायथ्याशी एक छोटी पाचर ठेवून भागेल असे तुम्हाला वाटेल; मलाही क्षणभर वाटले. पण पुढचे चाक पाचर संपून मुख्य फळीशी येते तेव्हा मागची चाके अजून सपाट जमिनीवरच असतात, मोटार पुरती कललेली नसते, आणि नाक दुसऱ्या सांध्यावर अडकते. पाचर निदान दोन चाकांमधल्या अंतराएवढी लांब असेल तरच ती खरी उपयोगी.

नाकानंतर पोटाची पाळी. पुढची चाके पाटावर गेली, मागची अजून फळीवर आहेत, आणि पाटाची कड मोटारीच्या मधोमध आली आहे. या ९११ च्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर २२७ सेंटिमीटर. दोन्ही चाके जोडणारी रेघ काढा. कड त्या रेघेच्या वर येईल. किती वर? अर्धे अंतर, म्हणजे ११३.५, गुणिले अर्ध्या कोनाची स्पर्शज्या. १४.५ अंशांच्या फळीवर हे उत्तर १४ सेंटिमीटरहून थोडे जास्त येते. पोटाखाली १२. म्हणजे नाक कसेबसे वर नेले असते तरी पोट घासलेच असते. चाकांमधले अंतर जितके जास्त तितके हे दुखणे मोठे, हे सूत्रातच दिसते.

शेवटी शेजारच्या एका गृहस्थांकडून ४ मीटरच्या ॲल्युमिनियमच्या फळ्या मिळाल्या. लांब फळी मधोमध वाकते, म्हणून तिच्याखाली मध्ये टेकू दिले. कोन आता ७.२ अंश, नाकाखाली सहा-सात मिलिमीटर मोकळे उरले. मी जमिनीवर आडवा पडून पाहत होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

चढवताना आणखी एक गोष्ट केली, ती विसरली तर माणूस दगावू शकतो. ट्रेलर म्हणजे आसावर टेकलेली तरफ. मोटारीची पुढची चाके पाटाच्या मागच्या कडेवर येतात तेव्हा त्यांच्यावर मोटारीच्या १,२०० किलोग्रॅमपैकी सुमारे ४० टक्के, म्हणजे ४८० किलोग्रॅम असतात. (भार न्यूटनमध्ये सांगायला हवा हे मला माहीत आहे. तराजूवाल्याच्या भाषेत किलोग्रॅम चालवून घेऊ. परीक्षेत मात्र असे लिहू नका.) कड आसाच्या २.४ मीटर मागे, आणि ट्रेलरचा जोड आसाच्या ४ मीटर पुढे. म्हणून जोडावर वर उचलणारे बल ४८० गुणिले २.४ भागिले ४, म्हणजे २८८ किलोग्रॅमचे. ते ओढणाऱ्या गाडीची पाठ उचलते. हातब्रेक तर बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच लागतो! चाकांवरचा भार गेला की घर्षण गेले, आणि सगळी वरात उताराला लागते. म्हणून मोटार चढवण्यापूर्वी ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली पक्के टेकू द्यायचे.

खेड्यातल्या वाचकांना हे नवे नाही. बैलगाडीत मागे जास्त भार झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उठते. गाडी उलाळ झाली म्हणतात. आमचे आजोबा अशा वेळी आम्हा पोरांना पुढे सरकून बसायला सांगत. पुढे फार झाला तर तो बैलांच्या मानेवर बसतो. कसबी गाडीवान पोती मागेपुढे करून मानेवर थोडासाच भार ठेवतो. ट्रेलरच्या जोडावर तोच थोडासा भार लागतो. युरोपात हा जोड ५० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्यावर बसतो. ब्रिटनमध्ये साधारणतः एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार गोळ्यावर असावा असे सांगतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. शिवाय प्रत्येक गाडीच्या गोळ्याला कमाल मर्यादा असते. आमच्या स्टेशन वॅगनची १०० किलोग्रॅम होती.

चाके पट्ट्यांनी आवळून आम्ही निघालो. पट्टे चाकांनाच बांधावेत. मोटारीच्या अंगाला बांधले तर स्प्रिंग दबताच ते सैल पडतात.

जर्मनीत ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला साधारणतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. महामार्गावरच्या एका लांब उतारावर आमचा काटा ८० च्या थोडा वर गेला असेल. तेवढ्यात एक उंच बस आम्हाला ओलांडून गेली. तिच्या हवेचा धक्का बसला आणि ट्रेलरचे शेपूट डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग पहिल्यापेक्षा जास्त डावीकडे. आमच्या गाडीची पाठही त्याबरोबर हलू लागली. माझ्या विद्यार्थ्याचा पाय ब्रेककडे गेलेला मी पाहिला. "ब्रेक नको, नुसता पाय काढ!" मी ओरडलो. त्याने चक्र सरळ धरले आणि पाय उचलला. वेग साठाकडे उतरला तशी झोके घेणारी ती पाठ हळूहळू शांत झाली. शेजारच्या रांगेत एक लहान मोटार होती. तिच्या मागच्या काचेतून एक मूल आमच्याकडे पाहत होते, हे मला अजून आठवते.

वेग कमी होताच झोके का थांबले? ट्रेलर म्हणजे आडवा पडलेला लंबक समजा. गोळा ही त्याची खुंटी. शेपूट सेकंदाला १ मीटर वेगाने बाजूला सरकते आहे. गाडीचा वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर चाकाचे तोंड ज्या दिशेला आहे आणि चाक प्रत्यक्ष जिकडे जाते आहे, त्या दोन दिशांत या सरकण्यामुळे सुमारे ५.७ अंशांचा कोन पडतो. रबरी टायर या कोनाच्या प्रमाणात आडवा विरोध करतो, आणि तोच विरोध झोक्याची ऊर्जा खातो. आता वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर करा. बाजूला सरकणे तेवढेच, पण कोन २.३ अंश. ऊर्जा खाणारा विरोध दोन-पंचमांशावर आला! वेग वाढेल तसा ट्रेलर स्वतःला आवरायला असमर्थ होत जातो.

गुरुत्वमध्य आसाच्या मागे असेल तर संकट दुप्पट. मागचे जड शेपूट झोक्याबरोबर ओढणाऱ्या गाडीची पाठ हलवते, गाडी थोडी वळते, आणि ते वळणे पुढच्या झोक्याला नेमक्या वेळी भर घालते. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का दिला की तो चढतच जातो, तसे. जोरात ब्रेक दाबला तर पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि मागून ट्रेलर रेटतो, म्हणून तोही वाईट. ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकातही ट्रेलर नागमोडी जाऊ लागला तर पाय उचलून हळूहळू वेग कमी करा, असेच सांगितले आहे.

पुढच्या विश्रांतिस्थळावर आम्ही थांबलो, ट्रेलर सोडवला आणि दांड्याखाली वजनाचा काटा ठेवला. (अंघोळघरातला साधा काटा, पोट सुटल्याबद्दल तो प्रवासातही बरोबर घेत असे.) काट्याने दाखवले १० किलोग्रॅम. ट्रेलर व मोटार मिळून १,९०० किलोग्रॅम, आणि गोळ्यावर अवघे १०! कारण साधे होते. ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर. ट्रेलरवरचा चाक अडवायचा अडसर आधीच्या कोणा गिऱ्हाइकाच्या वेगळ्या मोटारीसाठी लावलेला होता, आणि आम्ही आमची मोटार तिथेच थांबवली होती. पुढून पाहता ती झकास मधोमध दिसत होती. तिचा गुरुत्वमध्य मात्र आसाच्या १० सेंटिमीटर मागे होता.

मोटार उलटी, म्हणजे पाठ पुढे करून चढवावी का? हिशेब करू. चाके त्याच जागी ठेवली तर गुरुत्वमध्य सुमारे ४५ सेंटिमीटर पुढे सरकेल. १,२०० गुणिले ४५ भागिले ४०० म्हणजे १३५ किलोग्रॅम वाढतील, एकूण १४५. मर्यादा १०० ची. भार त्याहून जास्त झाला की गोळ्याच्या तरफेने ओढणाऱ्या गाडीची पुढची चाके हलकी होतात आणि चक्र फिरवूनही गाडी हवी तशी वळत नाही. उपाय मधला हवा होता.

तुमची फूटपट्टी आता घ्या. १,२०० भागिले ४०० म्हणजे ३: मोटार १ सेंटिमीटर पुढे सरकवली की गोळ्यावर ३ किलोग्रॅम वाढतात. हवे होते ९० जास्त. म्हणून ३० सेंटिमीटर. आम्ही अडसर सोडवून बरोबर तेवढा पुढे लावला, मोटार पुढे घेतली, पुन्हा आवळली. काटा ९९ दाखवत होता.

सुटी चाके आणि हत्यारांची पेटी त्याने ट्रेलरच्या दोन टोकांना ठेवली होती, समतोल राहावा म्हणून. तीही आसाजवळ आणायला लावली. ५० किलोग्रॅमच्या दोन वस्तू आसापासून ३ मीटरवर असल्या तर त्यांचे निरूढी परिबल ९०० होते, अर्ध्या मीटरवर अवघे २५. तोल दोन्हींत तोच, पण एकदा झोका सुरू झाला की ९०० ला आवरणे किती अवघड! बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही जोडावरचा भार आणि हे निरूढी परिबल यांचा स्थैर्यावर मोठा परिणाम दिसला होता.

पुढे न्यूरबुर्गरिंगपर्यंत दोन बसगाड्या ओलांडून गेल्या. ट्रेलर किंचित डुलला आणि लगेच सरळ झाला. परतीच्या आदल्या संध्याकाळी मी पाहिले, तर माझा विद्यार्थी पाटावर पुढच्या चाकाजवळ खडूने रेघ मारत होता.