पटावर आलेलं गाव

नवापूर स्थानकाचा फलाट दोन राज्यांत पसरलेला आहे. एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. भुसावळकडून निघालेली गाडी अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार मागे टाकत इथून पुढे व्यारा, बारडोली करत उधन्याला पोचते. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या या ताप्ती व्हॅली मार्गाने खानदेशातली किती कुटुंबं सुरतेला आली, याची मोजदाद कुठल्याच तिकीटखिडकीवर झाली नाही. ती झाली सुरतेच्या पालिका शाळांच्या हजेरीपटावर.

या शाळा चालवते नगर प्राथमिक शिक्षण समिती. तिचा कायदेशीर पाया १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात आहे, म्हणजे सुरत आणि जळगाव एकाच प्रांतात होते तेव्हाचा. आज समितीच्या तीनशेहून अधिक शाळांत पहिली ते आठवीची दीड लाखाहून जास्त मुलं शिकतात, आणि तीही सात माध्यमांत: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. सुरतेचं कापड कोण विणतं, हे या यादीतच वाचता येतं. उडिया वर्ग लूमवर उभ्या असणाऱ्या, ओडिशातल्या गंजामच्या कारागिरांच्या मुलांचे, तेलुगू वर्ग तेलंगणातल्या विणकरांच्या मुलांचे. मराठी वर्ग मुख्यतः लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांतल्या खानदेशी घरांचे. वडील कारखान्यात बारा तासांच्या पाळीत, आई घरी साड्यांना लेस-टिकली लावते, अशी ही घरं.

शहर किती वेगाने वाढलं ते पाहिलं की शाळांवरचा भार कळतो. १९९१ मध्ये सुमारे १५ लाख असलेली वस्ती २००१ मध्ये २४ लाखांवर आणि २०११ मध्ये ४४ लाखांवर गेली. २००६ मध्ये पालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली, २०२० मध्ये ती पुन्हा वाढली. शाळेची इमारत मात्र एका रात्रीत उभी राहत नाही. मग एकच इमारत सकाळी एका शाळेची, दुपारी दुसऱ्या शाळेची होते. सकाळी ज्या फळ्यावर गुजराती बाराखडी असते, त्यावरच दुपारी मराठी मुळाक्षरं उमटतात.

मराठी वर्गातल्या लहान मुलाचं ओझं निराळंच. घरात खानदेशी बोली अहिराणीतलं ‘मन्हं’, गल्लीत गुजराती ‘मारुं’ आणि पुस्तकात ‘माझं’. एका वस्तूवर हक्क सांगायला तीन शब्द! पहिलीच्या बाई यातल्या एकालाही चूक न ठरवता मुलाला पुस्तकापर्यंत नेतात. माझ्या मते समितीचं सर्वांत मोलाचं काम हेच. दारात आलेल्या मुलाला आधी त्याच्या ओळखीच्या भाषेत बसायला जागा द्यायची.

कायदाही या मुलांच्या बाजूने आहे. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि उशिरा आलेल्या मुलाला वयाला साजेशा इयत्तेत घ्यावं लागतं. कोविडच्या काळात रोजगार तुटले, खाजगी शाळेची फी झेपेना, तेव्हा अनेक पालक समितीच्या शाळांकडे वळले. आठवीनंतर पालिकेचीच सुमन हायस्कूलं असल्याने पुढची वाटही दिसू लागली.

तरीही पटाचा आकडा जपून वाचावा लागतो. २०२३-२४ पासून गुजरातेत पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण असण्याची अट आली. बरीच मुलं पहिलीआधीच्या बालवाटिकेत थांबली आणि पहिलीचा पट उतरला. त्याचा अर्थ मुलं शाळेपासून दूर गेली असा नव्हता. उलट, पट फुगलेला असतानाही बाक रिकामा असू शकतो. मंदीत लूम थांबले की कुटुंब गावी परततं. नाव पटावर राहतं आणि मूल आजीबरोबर कापूस वेचत असतं.

नव्या मुलांच्या स्वागताचा शाळा प्रवेशोत्सव जूनमध्ये होतो. ढोल वाजतात, मुलांच्या हाती दप्तर येतं, पाहुणे येतात. तो आनंद खरा आहे आणि असायलाच हवा. पण सुरतेच्या कामगार घरांचं वर्ष जूनला सुरू होत नाही. दिवाळीला बंद झालेले कारखाने उघडतात, तेव्हा गावाकडून माणसं परततात, काही नवी येतात, काही येतच नाहीत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक पट भरावा. परत न आलेल्या मुलाच्या घरी एक फोन जावा, गाव कळलं तर तिथल्या शाळेला दाखला पोचता व्हावा. आणि डिंडोलीच्या खोलीत नुकतंच उतरलेलं मूल दिसलं, तर जूनची वाट न पाहता त्याच दिवशी त्याचं नाव लिहून घ्यावं.