सांबराचं नाक आणि तारेचा फास

इस्लामपूरहून शिराळ्यामार्गे पश्चिमेला गेलं, की उसाचा पट्टा मागे पडतो आणि वारणेच्या वरच्या खोऱ्यात चांदोलीचं दाट रान लागतं. 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं हे रान 2010 पासून कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. इथला जाणता सांबरनर शिंगांच्या जोरावर जगतो, असं आपण धरून चालतो. पण शिंगं गळतात, नवी शिंगं मखमलीत असताना नाजूक असतात, आणि त्या महिन्यांतही नर तगून राहतो. त्याला राखतं ते नाक. म्हणूनच, माझ्या मते, त्याचा सर्वांत घातकी शत्रू तारेचा फास आहे. बंदूकवाल्याला वाऱ्याशी झगडावं लागतं, फासाला लागत नाही.

ऊन चढलं की दरीतली हवा तापून उतारावरून वर सरकते. संध्याकाळी गार, जड हवा ओढ्यांच्या वाटेने खाली उतरते. या दोन्हींच्या सांध्याला वारा ठरत नाही. त्यात कडा ओलांडून आलेला वारा पलीकडे भोवरे घेतो आणि झाडीत शिरला की त्याचे तुकडे होतात. दबा धरून बसलेल्याचा वास क्षणात भलत्याच दिशेला पोचतो, आणि सांबर पाय आपटून, खणखणीत हाळी देऊन सारं रान जागं करतं. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करणाऱ्यांचाही हाच अनुभव आहे: दाट रानात वारा फिरू लागला की वयस्क नर हाती लागत नाही. जिम कॉर्बेट यांनी लिहिलं आहे की नरभक्षक वाघ माणसाकडेसुद्धा वाऱ्याच्या उलट बाजूने येतो, कारण माणसाचं नाक अधू आहे हे त्याला ठाऊक नसतं. सिंह वाऱ्याची दिशा पाहत नाहीत, असं जॉर्ज शॅलर यांना आफ्रिकेत दिसलं. तरी वारा समोरून असला की त्यांची शिकार अधिक वेळा साधते, हेही त्यांनीच नोंदवलं.

कोळसुनांची टोळी मात्र दबा न धरता पाठलाग करते. तिच्यापुढे सांबर पाण्यात उतरून उभं राहतं. म्हणजे दबा धरणाऱ्यावर नाक आणि पाठलागावर पाणी, असे दोन उपाय त्याच्याकडे आहेत. पायवाटेवर बांधलेल्या तारेवर एकही नाही. तारेला माणसाच्या हाताचा वास लागणारच, असं कुणी म्हणेल. लागतो, पण पावसात तो धुऊन जातो. शिवाय गावांलगतच्या रानात सरपणाच्या आणि गुरांच्या वाटांवर माणसाचा वास रोजचाच असतो. त्या प्रत्येक वासाला बुजायचं तर सांबराने चरायचं कधी?

शेतकऱ्याची तक्रार याहून वजनदार आहे. रानडुकरं रात्रीत उभं पीक लोळवतात, आणि तो राग खोटा नाही. भरपाई वेळेवर मिळायला हवी, आणि उपद्रवी जनावरासाठी कायद्यात रीतसर परवानगीची जी वाट आहे ती सोपी व्हायला हवी. पण डुकरासाठी लावलेला फास डुकरापाशी थांबत नाही. त्यात बिबटे अडकल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. मग अमेरिकेसारखे शिकारीचे परवाने का देऊ नयेत? तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं 3 कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज आहे आणि बऱ्याच भागांत त्यांना खाणारं मोठं जनावर उरलेलं नाही. आपलं सांबर मात्र धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत 2008 पासून असुरक्षित गणलं जातं, आणि चांदोलीत वाघ टिकायचा तर त्याचं हे भक्ष्य आधी टिकायला हवं. त्यासाठी कॅमेऱ्यांइतकीच पायी गस्त लागेल, विशेषतः उन्हाळ्यात, जेव्हा जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात आणि फास लावणाऱ्याला नेमकी वाट ठाऊक असते. या वाटा सीमेवरच्या गावकऱ्यांना पाठ आहेत. तारा काढण्याच्या कामावर त्यांनाच पगारी नेमावं.