व्हिएन्नाचे महापौर आणि भाड्याची घरे

'महापौर' हा भारदस्त शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मराठीला दिला; परंतु त्या भारदस्तपणाला साजेसा अधिकार आपल्याकडील महापौरांच्या हाती क्वचितच आला. मानपत्रे, उद्घाटने, नळ आणि गटारे यांपलीकडे त्यांच्याकडून आपण फारशी अपेक्षाही ठेवीत नाही. नगरपित्याने नागरिकाच्या निवाऱ्याचा भार उचलावा, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणली ती ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराने.

पहिल्या महायुद्धानंतर तेथील श्रमिकांची अवस्था आपल्या जुन्या चाळींतल्याहून फारशी निराळी नव्हती. एकदोन खोल्यांत अख्खे कुटुंब, त्यातच पोटभाडेकरू, आणि नळ व शौचकूप बाहेरच्या बोळात सामाईक! १९१९ साली याकोब रॉयमान महापौर झाले. १९२२ मध्ये व्हिएन्नाला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला आणि त्याबरोबर स्वतःचे कर बसविण्याचा अधिकारही. सारे मर्म येथेच आहे. १९२३ साली गृहबांधणी कर बसला. लहान बिऱ्हाडाला नाममात्र, हवेलीवाल्याला जबर. त्याच वर्षी कार्ल झाइट्स महापौरपदी आले आणि १९३४ पर्यंत, मुख्यतः करांच्या उत्पन्नातून, ६०,००० हून अधिक घरे उभी राहिली. १९३० साली झाइट्स यांनी ज्या कार्ल मार्क्स हॉफचे उद्घाटन केले, ती वसाहत किलोमीटरभर लांब, १,३८२ घरांची. पण भूखंडाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी जागेवर बांधकाम, उरलेली जागा अंगणे व बागांना. धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालय, सारे आवारातच.

फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत याच वसाहतीवर तोफा डागल्या गेल्या, झाइट्सना अटक झाली. घरे मात्र राहिली. आजही सुमारे २,२०,००० घरे त्या महापालिकेच्या मालकीची आहेत.

आमच्या इंदुरात २०२२ साली मतदारांनी महापौर थेट निवडला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना व झोपडपट्टी सुधारणा हे विषय नगरसंस्थांकडे सोपविण्याची वाटही मोकळी केली. तरी वसाहती आखणारे विकास प्राधिकरण राज्य शासनाचे, गृहनिर्माण मंडळही राज्याचेच. मत महापौराला द्यायचे आणि घराचा अर्ज मात्र दुसऱ्याच दारी न्यायचा, हा प्रकार मला तरी विचित्र वाटतो.

मुख्याध्यापकाला हा प्रश्न प्रवेश-पुस्तकात भेटतो. सातवीतील एका मुलाचा पत्ता एकाच वर्षात मी तीनदा खोडून लिहिला. प्रत्येक वेळी खोली अधिक दूरची. चौथ्या वेळी त्याच्या वडिलांनी शाळा सोडल्याचा दाखलाच मागितला.