म्हाताऱ्या कुत्र्याचा कॅन्सर: खर्चाआधी काय विचारावं?

दिल्ली-नोएडात पशुवैद्याने कॅन्सरची शंका घेतली, की आधी सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासून घ्या. उपचार आणि खर्च गाठीच्या प्रकारावरच ठरतात. संसर्गाने होणारी जननेंद्रियाची गाठ व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाच्या काही इंजेक्शनांनी बहुधा बरी होते. लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) क्वचितच पूर्ण बरा होतो: अनेक औषधांच्या केमोने साधारण वर्षभर, नुसत्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने एक-दोन महिने मिळतात. खर्चाचा लेखी अंदाज मागा; दिल्लीतल्या तीस हजारी भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयातही दाखवून पाहा. निदानानंतर काढलेल्या विम्यात तो आजार सहसा बसत नाही. केमो परवडत नसेल, तर वेदना कमी ठेवणं हाही रीतसर उपचार आहे. मात्र घरातली आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका. ती कुत्र्यांना विषारी ठरते.