कामावरची शिदोरी

हुबळीला रेल्वेचा कारखाना एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. पुढे हुबळी-धारवाडात कचेऱ्या, कारखाने आणि महाविद्यालये वाढली, तसे दुपारचे जेवण घराबाहेर घेणारेही वाढले. यंत्राला वेळेवर तेल घालणारा माणूस स्वतःच्या पोटाकडे मात्र तितक्या काळजीने पाहत नाही. गिरमिट, मिरची भजी आणि वर गोड चहा, एवढ्यावर तो दुपार भागवतो. त्याने पोट भरल्यासारखे वाटते. पण शरीराचे पुरेसे पोषण होत नाही.

वस्तुतः या प्रांताची जुनी शिदोरी आजच्या आहारशास्त्राच्याही कसोटीस उतरते. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी, कांदा आणि ताक, असे ते साधे जेवण. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो कडधान्यांत विपुल असतो. कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. एकाचे उणे दुसरे भरून काढते. कडक भाकरीत ओलावा नसल्याने ती अनेक दिवस टिकते. सकाळच्या घाईतही ती हाताशी असते.

चहाविषयी मात्र सावध असावे. त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. रक्तक्षयाने थकणाऱ्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे. लिंबाने लोह अधिक शोषले जाते. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी, मीठ सांगितले आहे. लोणचे, पापड आणि भजी यांतले मीठही त्यातच मोजावयाचे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली. २०२० च्या संहितेने ती संख्या शंभरावर आणली. कायद्याने जागा मिळते. तेथे भाकरी-उसळ मिळावी की केवळ भजी, हे चालकांनी आणि कामगारांनी मिळून ठरवावयाचे असते.

आणखी एक गोष्ट. पहाटे भाकऱ्या थापणारी स्त्री पुष्कळदा स्वतःही कामावर जाते आणि सर्वांचे डबे भरून झाल्यावर तिच्या डब्याला वेळ उरत नाही. मटकी भिजविणे, कांदा चिरणे, डबे घासणे ही कामे घरातील इतरांनी उचलली, तर तिच्याही डब्यात भाकरी पडेल. आरोग्याचा आरंभ तेथूनच व्हावा.