रोच, डेस आणि वाहतं पाणी

इंग्लंडच्या दक्षिणेकडची हॅम्पशर एव्हन ही नदी मुख्यतः खडूच्या खडकातून झिरपून आलेल्या पाण्यावर पोसलेली. जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी गाळून तिच्यात उतरतं, म्हणून ऑक्टोबरातही अनेक ठिकाणी तळाची खडी आणि प्रवाहाबरोबर डुलणारं पाणगवत स्वच्छ दिसतं. रोच आणि डेस हे मासे पकडणारे ऑक्टोबरातल्या दुपारी इथं येतात. डेस भर उन्हातही आमिषाला तोंड लावतो. रोच मात्र नितळ पाण्यात बिचकतो, उन्हं कलू लागली की धीट होतो.

दोघेही कार्पच्या गोतातले, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचे दूरचे नातेवाईक. रोचचं अंग रुपेरी, पर तांबडे आणि डोळ्यातही लाली. दोन पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमचा रोच मिळाला तर तो दिवस माणूस जन्मभर विसरत नाही. डेस सडपातळ आणि त्याहून बराच लहान. अर्धा पौंड भरला तरी तो मोठाच. चब या माशाचं पिल्लू हुबेहूब डेससारखं दिसतं, त्यामुळे नवखे फसतात. अशा वेळी पोटाखालचा शेपटीजवळचा पर उलगडून पाहायचा. कड आत वळलेली असेल तर डेस, बाहेर फुगलेली असेल तर चब.

खरी कला आहे ती आमिष वाहतं ठेवण्याची. तेरा फुटी लवचिक काठी, केसासारखी बारीक दोरी, तांदळाच्या दाण्याएवढा गळ आणि त्यावर माशीची एखादी अळी. वर छोटा फ्लोट, त्याखाली दोरीला चिमटलेले बारीक छर्रे. फ्लोट प्रवाहात सोडला की तो खाली जाऊ लागतो आणि दोरी आपोआप सुटत जाते, कारण अनेकांच्या हातातलं रीळ म्हणजे आसावर मोकळं फिरणारं साधं चाक असतं. ना दाते, ना ब्रेक. ब्रेकचं काम अंगठ्याचं.

त्या अंगठ्यावर बरंच काही अवलंबून असतं. तळाशी खडी आणि गवत यांच्या घर्षणामुळे पाणी पृष्ठभागापेक्षा सावकाश वाहतं. फ्लोट वरच्या वेगानं सुटू दिला तर तो खालच्या अळीला फरपटत नेतो, आणि पाण्यात टाकलेल्या सुट्ट्या अळ्या संथपणे येत असताना ही एकच धावताना पाहून रोच तिच्याकडे पाठ फिरवतो. म्हणून चाकाच्या कडेवर अंगठा किंचित दाबून फ्लोट रोखून धरायचा. मग अळी पुढे आणि फ्लोट तिच्यामागे, असा प्रवास होतो. दर खेपेला मूठभर नव्हे, चिमूटभर अळ्या किंवा भांगेच्या उकडलेल्या बिया वरच्या बाजूला टाकत राहायच्या. डेसचा झटका इतका चपळ, की हात उचलेपर्यंत अळी चिरडून तो पसारही झालेला असतो.

पूर्वी हे छर्रे शिशाचे असत. तळातले खडे टिपताना हंस ते गिळत आणि विषबाधेनं मरत. १९८७मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये अगदी बारीक आणि फार जड वजनं वगळता शिशाच्या छर्‍यांवर बंदी आली. मासेमारांना दुसरा धातू वापरावा लागला, एवढंच. हंसांचे प्राण वाचले.

पकडलेला मासा सहसा घरी जात नाही. काटेही फार, चवही बेताची. ओल्या हातानं धरून गळ सोडवायचा आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं. वयाची १३ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. विणीच्या हंगामासाठी १५ मार्च ते १५ जून नद्यांवर ही मासेमारी बंद असते. या बंदीची मुळं १८७८च्या कायद्यात आहेत.

एवढं करूनही एव्हनमधला रोच घटला. एके काळी या नदीची ख्यातीच मोठ्या रोचसाठी होती. पाणकावळ्यांची वाढलेली संख्या आणि नाहीसे झालेले शांत, गवताळ कोपरे, ही कारणं तिथले लोक सांगतात. सरकारच्या पर्यावरण संस्थेचं नॉटिंगहॅमशरमध्ये कॅल्व्हर्टन इथं मत्स्यबीज केंद्र आहे. रोच, डेस, चब तिथं वाढवून देशभरच्या नद्यांत सोडतात. लोणावळ्याजवळ टाटा पॉवरनं महसीरसाठी अनेक दशकं हेच काम केलं आहे. ज्या दख्खनी महसीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं, तो तिथं वाढवला गेला.

एव्हनवर मात्र ही धडपड गळ टाकणाऱ्यांनीच सुरू केली, आणि त्याचं मोल मोठं आहे. रोच अंडी घालतो त्याच जागी ते जाळी लावलेल्या फळ्या पाण्यात ठेवतात. अंडी जाळीला चिकटली की फळ्या उचलून टाक्यांमध्ये नेतात, पिल्लं पुढे तळ्यात वाढवतात आणि स्वतःला सांभाळण्याइतकी मोठी झाली की त्याच नदीत सोडतात.